४ मार्चची सही

९ जानेवारी, नारायणगाव

दिवाळीत गिऱ्हाइकांना वाटायला छापलेल्या डायऱ्या उरल्यात. कव्हरवर आमच्या कापड दुकानाचं नाव, आत प्रत्येक पानाखाली 'एकदा अवश्य भेट द्या'. पप्पा म्हणाले, "रद्दीत घालण्यापेक्षा लिहीत जा काहीतरी, नवीन धंदा काढतोयस." म्हणून लिहितोय.

धंदा काय आहे ते पप्पांना आज पाचव्यांदा सांगितलं. गाणी हल्ली कॉम्प्युटरवर बनतात. ती बनवायच्या सॉफ्टवेअरच्या आत आणखी एक छोटं सॉफ्टवेअर बसवता येतं, त्याला प्लगिन म्हणतात. आमच्या प्लगिनमध्ये संबळ असेल. कीबोर्डची पट्टी दाबली की संबळाचा ठोका वाजणार, मग माणूस जगात कुठेही बसलेला असो.

"म्हणजे संबळवाल्याला बोलवायलाच नको," पप्पा म्हणाले.

तसं नाही, म्हणालो. जिना चढताना वाटलं, तसंच आहे की.

कोड माझा आणि कान रामदासचे. रामदास शाळेपासूनचा दोस्त, आता लग्नकार्याला साउंड सिस्टीम भाड्याने देतो. त्याचे वडील चिमाजीबाबा भीमाशंकरच्या रस्त्याला आत डोंगरात, करपवाडीला राहतात. भात करतात आणि संबळ वाजवतात. त्यांच्या वाजवण्यावरच आमचं सगळं उभं राहणार आहे.

१७ जानेवारी

आज रेकॉर्डिंग. जागा आमचंच गोडाऊन. चारी बाजूंनी छतापर्यंत पॉपलीन आणि अस्तराचे गठ्ठे, त्यात आवाज असा मुरतो की टाळी वाजवली तरी परत येत नाही. पुण्यातले लोक अशा खोलीसाठी भिंतींना महागडे फोम चिकटवतात.

एक ठोका मारायचा, तो पूर्ण विरेपर्यंत श्वास रोखून बसायचं. मग तोच ठोका जरा जोरात. मग आणखी जोरात. दुपारपर्यंत तीनशेच्या वर झाले. चिमाजीबाबा वैतागले नाहीत, पण एकदा काड्या मांडीवर ठेवून म्हणाले, "येक ठोका मारायचा न् गप बसायचं, ह्ये वाजवणं न्हाई शेठ. घास तोंडात घ्यायचा न् चावायचाच न्हाई, तसं झालं ह्ये."

मग रामदासने त्यांच्या कानाला हेडफोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा संबळ समोर बसून ऐकला. डोळे मिटून ऐकत राहिले. मला वाटतं, त्याच भरात पुढचं झालं. मी विचारलं, बाबा, अजून एखादा खास ठोका राहिलाय का? त्यांनी विचारलं, "हितनं भायेर कुनाला ऐकू जातं का?" मी म्हणालो, या गठ्ठ्यांतून काही जात नाही.

तेव्हा त्यांनी तो वाजवला. एकदाच.

(इथे तो ठोका कसा होता ते दोन ओळींत लिहिलं होतं. ३१ ऑगस्टला खोडल्या.)

वाजवून झाल्यावर त्यांनी संबळाला हात लावून नमस्कार केला. रामदास खाली बघत होता. मग समजलं. हा उठवणीचा ठोका. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या पहाटे, करपवाडीच्या देवासमोर वाजतो. ऐकणारा जिथे असेल तिथे थांबतो. एरवी कुणी तो वाजवत नाही, सरावालासुद्धा नाही. बाबा स्वतः त्यांच्या वडलांकडून शिकले ते मांडीवर बोटं आपटून.

"भायेर जात न्हाई म्हनला म्हनून वाजवला. पर यंत्रात ऱ्हाऊ देऊ नगा तेवडा," बाबा म्हणाले.

पुसतो म्हणालो.

४ फेब्रुवारी

प्लगिन बनवणं सोपं आणि त्याच्यावर सही करणं कठीण, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी गुपचूप साड्या विकल्या असत्या.

सही म्हणजे कॉम्प्युटरला पटवून द्यायचं, की हे अमुक नावाच्या माणसाने बनवलंय आणि त्याच्या हातून निघाल्यापासून यात काडीचाही बदल झालेला नाही. सही नसेल तर कॉम्प्युटर आपलं प्लगिन उघडतच नाही, उलट गिऱ्हाइकाला सांगतो की या माणसापासून जपा. बरं, सही एक नाही. विंडोजला वेगळी. मॅकला वेगळी, वर त्यांच्याकडून तपासून आल्याची पावती. आणि मोठ्या स्टुडिओंमध्ये जे सॉफ्टवेअर चालतं त्याला तिसरीच. त्यांना आधी अख्खं प्लगिन दाखवायचं, ते पास करणार, मग यूएसबीची एक चावी लावून सही करायची.

आधी मी 'मी'च आहे हे सिद्ध करायचंय. त्यासाठी सर्टिफिकेटवाल्यांचा फोन दुकानाच्या नंबरवर आला आणि पप्पांनी उचलला. पलीकडून इंग्रजीत विचारलं, ही सॉफ्टवेअर कंपनी का? पप्पा म्हणाले, "नो, नो. ओन्ली सारीज अँड ड्रेस मटेरियल." अर्ज नामंजूर.

टीना, म्हणजे माझी बायको, इतकी हसली की पोळी करपली. मी पप्पांवर दिवसभर फुगून होतो. पण ते खोटं काय बोलले?

२३ फेब्रुवारी

सर्टिफिकेट मिळालं. त्यावर माझं नाव. रामदासचं टाकायला जागाच नाही, एकाच माणसाचं चालतं. तो म्हणाला, "तुझंच असू दे शेठ, फोन आला तर तुला विंग्रजी तरी येतं."

स्टुडिओवाल्यांकडे प्लगिन दहा-बारा दिवसांपूर्वीच तपासायला गेलंय. ५ मार्चला विक्री सुरू करायचं जाहीर केलंय.

४ मार्च

स्टुडिओवाल्यांनी काल पास केलं. सकाळी तिन्ही सह्या केल्या. एकदाही एरर आला नाही. टीनाला खाली जाऊन पेढे आणायला सांगितले.

दुपारी शेवटचं म्हणून सगळ्या पट्ट्या वाजवून बघत होतो. अगदी डाव्या टोकाची पट्टी दाबली आणि उठवणीचा ठोका वाजला.

मी तो पुसलेला नव्हता. 'नंतर' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला होता, आणि प्लगिन बांधताना सगळे फोल्डर आत गेले. का पुसला नव्हता? इथे तरी खरं लिहावं. रोज काम सुरू करण्याआधी मी तो एकदा ऐकत होतो. तसं काही मी दुसरं ऐकलेलं नाही.

आता काढायचा तर सह्या मोडणार. आतला एक कण हलला तरी सही खोटी पडते, तेच तर तिचं काम. पुन्हा बांधा, पुन्हा स्टुडिओवाल्यांकडे पाठवा, पुन्हा तीन आठवडे. आणि उद्या विक्री.

पडद्यावर कोणत्या पट्ट्या दिसाव्यात ते एका सुट्या फाइलीत असतं. ती सहीच्या बाहेर राहते. तिथे ती एक पट्टी लपवली. ठोका आत आहे, पण दाबायला पट्टीच नाही. म्हणजे नसल्यासारखाच. पुढच्या आवृत्तीत काढून टाकीन.

पेढे चांगले होते.

६ मार्च

रामदास गावाहून फोनवर. विक्री जोरात आहे म्हणून मी बोलतच सुटलो होतो. मध्येच त्याने फोन बाबांकडे दिला.

"शेठ, त्यो ठोका काढला ना?"

"काढला बाबा."

"जिवाला बरं वाटलं," ते म्हणाले. "म्या लई घोर लावून घेतला व्हता."

फोन ठेवल्यावर हिशेब करत बसलो की मी नेमकं खोटं बोललो का. पट्टी काढलीच आहे.

२९ मार्च

एका संगीतकाराची मेल. त्याच्याकडे मोठा कीबोर्ड आहे. पडद्यावर नसलेली डावी पट्टी त्याने सहज दाबली आणि त्याला 'लपवलेला खजिना' सापडला. अंगावर काटा आला म्हणतो. एका गाण्यात वापरतोय.

मी बराच वेळ उत्तर लिहिलं आणि पुसलं. शेवटी 'धन्यवाद' एवढंच पाठवलं. वापरू नका असं लिहायचं तर का ते सांगावं लागतं, आणि ते रामदासपर्यंत गेलं असतं. रामदासला मेलबद्दल बोललो नाही. कुठलं गाणं, कुठे वाजणार, आपल्याकडे थोडंच येणार आहे.

१४ मे

लग्नसराईने जीव नकोसा केलाय, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. घोडेगावला रामदासच्या चुलतबहिणीचं लग्न होतं, तिकडे जाताच आलं नाही. साउंड रामदासचाच होता. तो आज स्पीकरच्या कव्हरांच्या कापडासाठी आला तेव्हा म्हणाला, "बाबा लग्नातनं न जेवता उठून गेले राव. वरात निघाली, पोरं नाचाय लागली, न् ह्यांनी पंगतीतनं ताटच सारलं. चालत निघाले, मंग जीप गाठली."

"ऊन किती होतं," मी म्हणालो.

"व्हय, ऊनच असंल."

बाबांसाठी ग्लुकोजची पाकिटं पाठवली.

१९ जुलै

चिमाजीबाबांनी संबळ वाजवणं बंद केलंय. हाताला मुंग्या येतात म्हणतात. मंचरच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही. रामदास काळजीत आहे. म्हणतो, भाताची सगळी लावणी याच हातांनी केली, तेव्हा मुंग्या नव्हत्या.

मी पुण्यातल्या एका मज्जातंतूच्या डॉक्टरांचा नंबर दिला. वय झालं की असं होतं.

नवी आवृत्ती या महिन्यात काढायची होती. पण मॅकने नियम बदललेत, जुनी पावती चालत नाही. आता दिवाळीनंतर बघू.

२७ ऑगस्ट

आज संवत्सरी. आम्हा जैनांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस, वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं त्याची क्षमा मागायची. माझा उपवास होता. सकाळी कमळ आणि जोडलेले हात असलेलं 'मिच्छामि दुक्कडम्' चं चित्र एका दमात दोनशे चौदा जणांना पाठवलं. रामदासचं उत्तर लगेच आलं, 'माफ केलं शेठ. पार्टी कधी?'

टीनाने विचारलं, "एवढ्यांपैकी एकाला तरी कशाबद्दल ते लिहिलंस का?"

"कशाबद्दल असं नसतं त्यात. जाणता अजाणता सगळंच येतं."

"सोयीचं आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी जैन स्थानकातून प्रतिक्रमणाची प्रार्थना करून पायी येत होतो. गणपती बसायचा दिवस, बाजारपेठेत मंडळाचा ट्रॅक्टर स्पीकर लावून उभा. गाणं जोरात चालू, पोरं गुलालात. आणि गाणं एकदम थांबलं, आणि त्या शांततेत तो वाजला. उठवणीचा ठोका. मग गाणं पुन्हा सुरू, पोरांनी उड्या मारल्या.

साउंड रामदासचा होता. तो मिक्सरपाशी उभा. मी विचारलं, हे गाणं कधीपासून वाजवतोस?

"लई चालतंय राव सध्या. मेपासनं. बहिणीच्या वरातीतबी ह्येच व्हतं."

त्याने तो ठोका ओळखला नाही. त्याने तरी कुठे ऐकलाय नीट, दसऱ्याला तो दरवर्षी कुठेतरी साउंड लावायला असतो, आणि गोडाऊनमध्ये एकदाच. पण बाबांनी ओळखला. मे महिन्यात, पंगतीत बसलेले असताना, पोराच्याच स्पीकरमधून.

ऊन म्हणे. मी ग्लुकोज पाठवलं होतं.

३१ ऑगस्ट

आधी रामदासला सांगितलं, दुकानामागे उभं राहून. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तू मला मेल आली तवाच सांगाय पाहिजे व्हतंस." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोघं माझ्या गाडीने करपवाडीला गेलो.

बाबा पडवीत बसले होते. रामदासची आई, साळुबाई, आम्हाला चहा देऊन आत गेली. संबळ आढ्याला टांगलेला, फडक्यात बांधून.

मी सगळं सांगितलं. फोल्डर, सह्या, लपवलेली पट्टी, सहा मार्चचा फोन. म्हणालो, मी खोटं बोललो बाबा.

"लग्नात वाजला तवाच वळखला म्या. माझाच हात. दुसऱ्या कुनाचा असंल?"

"मग मला विचारलं का नाही?"

"तुमी म्हनला व्हता की, काढला म्हनून." ते मला समजावत असल्यासारखे बोलत होते. "मंग म्या इचार केला, माझीच कायतरी चूक झाली आसनार. रानात बसल्या बसल्या ध्यानी न्हाई राह्यलं, वाजवला असंल, कुनी फोनात धरला असंल. लई आठवून पाह्यलं. आठवंना. पर तुमी काढलाय म्हनल्यावर दुसरं कसं व्हईल? मंग गावाला जाऊन सांगितलं, माज्याकडनं चूक झाली."

गावाने त्यांना दंड लावला. यंदाचा दसरा होईपर्यंत संबळाला हात लावायचा नाही, आणि त्या पहाटे शिवेच्या आत थांबायचं नाही. चाळीस वर्षं देव उठवणाऱ्या माणसाला. आणि तोही मे महिन्यात, चार लोकांसमोर मान खाली घालून ऐकून घेतला. रामदासलाही कळू दिलं नव्हतं. मुंग्या कधी आल्याच नव्हत्या.

त्यांनी माझा शब्द स्वतःच्या आठवणीपेक्षा खरा धरला. माझं क्षमेचं चित्र मात्र दोनशे चौदा जणांना गेलं, आणि बाबा त्यात नव्हते. त्यांच्याकडे तसला फोन नाही.

पाया पडलो. ते म्हणाले, "उठा, च्या गार व्हतोय."

४ सप्टेंबर

नवी आवृत्ती काढून भागत नाही. जुनी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे ती राहणारच. ती बंद पाडायचा एकच रस्ता आहे, सर्टिफिकेट रद्द करणं. मग माझ्या नावाचं काहीच चालत नाही. ना प्लगिन, ना धंदा.

रामदासला विचारलं. त्याचाही वाटा आहे यात. तो म्हणाला, "कर."

रद्द करताना तारीख विचारतात, कधीपासून? मागची टाकता येते. ४ मार्च टाकली. म्हणजे त्या दिवसापासूनची माझी प्रत्येक सही खोटी. मग कारण विचारतात, यादीतून निवडायचं. धंदा बंद केला. नाव बदललं. चावी भलत्याच्या हाती गेली. शब्द मोडला असं त्यात नाही. 'कारण सांगायचं नाही' असाही पर्याय होता, आणि माझं बोट आपोआप तिकडेच गेलं. ते मागे घेतलं आणि 'धंदा बंद केला' निवडलं. मग खरं कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला मेलमध्ये लिहिलं, ठोका कसा आहे ते न लिहिता. चौघांनी समजून घेतलं. बाकीच्यांनी जे लिहिलं ते माझ्या लायकीचंच आहे.

त्या संगीतकारालाही लिहिलं. त्याने सभ्यपणे कळवलं की गाणं आता जगभर गेलंय, त्यातून काढता येणार नाही. बरोबर आहे त्याचं.

रामदाससमोर बसून मूळ फाइल पुसली. मग तिच्या प्रती. मग 'नंतर' नावाचा फोल्डरच.

७ सप्टेंबर

करपवाडीच्या देवळात गाव बसलं. मी उभा राहून सगळं सांगितलं. मला वाटत होतं, आता दंड उठेल.

एक जाणते गृहस्थ म्हणाले, "पावणं, तुमी आला, बोलला, चांगलं केलं. पर वाजवला तर चिमाजीनंच ना, तुमच्या गोदामात? देवाभायेर वाजवला. दंड ऱ्हाईल."

बाबांनीच मान डोलावली. मी आणखी बोलायला लागलो तर त्यांनी माझ्या हाताला धरून खाली बसवलं. यंदा ठोका रामदासने वाजवायचा असं ठरलं. त्याला तो येत नाही. शिकवायला तीन आठवडे आहेत.

परतताना बाबा घोडेगावपर्यंत गाडीत होते, मागच्या सीटवर रामदासशेजारी. आरशात दिसलं, ते रामदासच्या मांडीवर बोटं आपटत होते. मी आरसा वर फिरवला.

२ ऑक्टोबर, दसरा

काल संध्याकाळीच रामदासला करपवाडीत सोडलं. आज उजाडायच्या आत बाबांना घरून घेतलं आणि शिवेबाहेर, रस्त्याच्या वळणावर गाडी लावली. त्यांना एकटं बसू द्यायचं नव्हतं. ते पुढच्या सीटवर, अंगावर धोतर-सदरा, नवी टोपी. दरवर्षी घालत असतील तशी.

"काच वर घ्या शेठ," ते म्हणाले. "शिवेभायेर म्हंजी कानाभायेर."

मी चारही काचा वर केल्या. इंजिन बंद. धुकं होतं, हळूहळू डोंगर दिसायला लागला. बाबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे पडलेले होते. बोटं हलत नव्हती. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होतो.

खालच्या पायवाटेने एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढत होती. चढत होती, आणि मध्येच थांबली. भारा डोक्यावर, एक पाय वरच्या दगडावर, तशीच. मान खाली. मग तिने तो पाय खाली घेतला, जरा उभी राहिली, आणि पुन्हा चालू लागली.

बाबांनी हात जोडले.

मग त्यांनी विचारलं, "शेठ, बरा वाजला का पोरानं?"

"मला ऐकू नाही आला बाबा."

"मलाबी न्हाई," ते म्हणाले, आणि डोळे पुसून काच खाली करायचं बटण शोधू लागले. त्यांना ते सापडत नव्हतं. मी दाखवलं.